करार स्थगित झाला, पण पाणी अडवणार कुठे?

भारताने सिंधू करार (पाकिस्तानसोबतचा नद्यांच्या पाणीवाटपाचा करार) स्थगित केला म्हणजे पाकिस्तानचं पाणी तोडलं, असं म्हटलं जातं. तसं होत नाही. जम्मूतून पाकिस्तानात जाणाऱ्या चिनाब नदीवरची बगलिहार, सलाल ही धरणं वाहत्या पाण्यावर वीज करणारी, साठा अगदी थोडा. दारं लावली तरी जलाशय लवकरच भरतो, मग पाणी सोडावंच लागतं. उन्हाळ्यात बर्फ वितळून नदी फुगली की अडवणं अशक्यच.

खरी ताकद आहे ती वेळेत. १९६० च्या करारानुसार रिकामा केलेला जलाशय पुन्हा भरायचा तो पावसाळ्यातच, नदीला भरपूर पाणी असताना. गाळ काढण्यासाठी जलाशय रिकामा करून भरणं पावसाआधी, तिकडच्या भातलावणीच्या वेळी केलं, तर आधी गढूळ लोंढा येतो आणि जलाशय पुन्हा भरेपर्यंत पलीकडच्या पंजाबातले कालवे आटतात. पाकिस्तानला पुराची आगाऊ माहिती न देणं मात्र मला अजिबात पटत नाही. त्यात नदीकाठचा शेतकरीच मरतो.