चर्चा: अमेरिकी संरक्षण खात्यात सायबरचं काम करायला परीक्षा पास होणं पुरेसं आहे का?

तटबंदी
अमेरिकेच्या संरक्षण खात्यात संगणक यंत्रणेवर ॲडमिनचे अधिकार हवे असतील तर सर्टिफिकेशन लागतं, ही रीत डिसेंबर २००५ च्या ८५७०.०१-एम या नियमपुस्तिकेने पाडली. तिने कामांचे कप्पे केले. तांत्रिक कामाला आयएटी १, २, ३ आणि व्यवस्थापनाला आयएएम १, २, ३. कप्प्यासमोर मान्य परीक्षांची यादी: आयएटी २ ला सिक्युरिटी प्लस (सायबर सुरक्षेची प्राथमिक परीक्षा), आयएटी ३ ला सीआयएसएसपी (अनुभवी लोकांसाठीची वरची परीक्षा) वगैरे. १५ फेब्रुवारी २०२३ ला ८१४०.०३ हे नवं नियमपुस्तक आलं आणि ती पुस्तिका रद्द झाली. आता पदाला तीन आकडी भूमिका-क्रमांक मिळतो (४५१ म्हणजे सिस्टम ॲडमिन, ५११ सायबर डिफेन्स ॲनालिस्ट, ७२२ सुरक्षा व्यवस्थापक) आणि सोबत बेसिक, इंटरमीजिएट किंवा ॲडव्हान्स्ड ही पातळी.

पात्रता दोन टप्प्यांत आहे. पायाभूत पात्रता पदवी, प्रशिक्षण किंवा सर्टिफिकेशन यांपैकी कशानेही मिळते. कामावरची पात्रता मात्र नेमणुकीच्या ठिकाणी, तिथल्याच यंत्रणेवर काम करून दाखवल्यावर मिळते. नेमणुकीपासून पहिलीला ९ महिने, दुसरीला १२.

माझ्या मते सर्टिफिकेशनची सक्ती काढली हे योग्यच झालं. सिक्युरिटी प्लस म्हणजे ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, आणि १०० ते ९०० च्या मोजपट्टीवर ७५० गुण मिळाले की पास. उमेदवाराला बॅकअपचे प्रकार माहीत आहेत एवढं त्यातून कळतं. बंद पडलेला सर्व्हर तो बॅकअपवरून उभा करू शकतो का, हे कळत नाही. खरी कसोटी कामावरच्या मूल्यमापनातच आहे.

रोखठोक
धागाकर्त्याशी असहमत. आधी एक दुरुस्ती: ८५७० मध्ये फक्त परीक्षा होती हा समज चुकीचा आहे. आयएटीच्या माणसाला मूळ सर्टिफिकेशन लागायचं, तो ज्या ऑपरेटिंग सिस्टमवर किंवा उपकरणावर काम करणार त्याचं वेगळं प्रशिक्षण वा सर्टिफिकेट लागायचं, कामावर प्रत्यक्ष मूल्यमापन व्हायचं आणि विशेष अधिकारांच्या जबाबदारीच्या पत्रावर सही घेतली जायची. चारही गोष्टी कागदावर होत्या. प्रत्यक्षात नीट पाळली गेली ती पहिलीच, कारण तिचा पुरावा बाहेरून यायचा आणि एका क्लिकवर तपासता यायचा.

मुद्दा नेमका इथेच आहे. मान्य सर्टिफिकेशनला आयएसओ/आयईसी १७०२४ (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) ची मान्यता लागते, म्हणजे परीक्षा घेणारा आणि शिकवणारा यांच्यात अंतर राखावं लागतं. उमेदवार पास झाला काय, नापास झाला काय, परीक्षकाची रात्रपाळी रिकामी राहत नाही. कामावरच्या मूल्यमापनावर सही करतो तो त्याचा वरिष्ठ, आणि 'अपात्र' लिहिलं तर माणूस कमी पडतो त्याच वरिष्ठाला. मनुष्यबळ जितकं अपुरं, तितकी सही सैल होणार. आणि मनुष्यबळ तर कायमच अपुरं असतं.

तटबंदी
सही सैल होते हे मान्य. पण ती सैल होते कारण मूल्यमापनाच्या तक्त्यात 'पॅच व्यवस्थापन जाणतो', 'लॉग तपासतो' असली मोघम वाक्यं असतात. त्यावर कुणीही खूण करील. कृती आणि तिचा निकाल लिहा, मग बघा.

४५१ साठी मी हे मागेन. कोऱ्या सर्व्हरवर डिसाची (खात्याची माहिती-यंत्रणा संस्था) स्टिग, म्हणजे सुरक्षित मांडणीची नियमावली लावायची, ती बसली का हे आपोआप तपासणारा स्कॅप स्कॅन करायचा, कॅट १ चा (सर्वांत गंभीर) एकही दोष उरता कामा नये, आणि कॅट २ मधले (मध्यम) जे सोडले त्यांचं कारण व मुदत सुधारणा-आराखड्यात लिहायची. यातच माणूस कळतो. नवखा स्टिगची सगळी ग्रुप पॉलिसी एका फटक्यात लावतो, त्यात फिप्स मोड (फक्त सरकारमान्य क्रिप्टोग्राफी वापरण्याची सेटिंग) चालू होतो, आणि एमडी-५ हा जुना अल्गोरिदम वापरणारं जुनं .नेट ॲप्लिकेशन कोसळू शकतं, कारण ती सेटिंग पाळणारं .नेट अमान्य अल्गोरिदमला तिथेच नकार देतं. जाणकार आधी चाचणी-यंत्रणेवर लावतो, एकेक गट करून लावतो आणि परतीची वाट ठेवतो. त्यानंतर ३५ दिवस न वापरलेली खाती शोधून बंद करायची, पण सर्व्हिस खाती (माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतात ती) वेगळी काढून. शेवटी बॅकअपवरून एक डेटाबेस ठरलेल्या वेळेत परत उभा करायचा आणि नोंदी जुळल्याचं दाखवायचं.

५३१ म्हणजे इन्सिडेंट रिस्पॉन्डर. त्याच्यासमोर संशयित यंत्र ठेवा. त्याने पहिल्यांदा वीज बंद केली तर थांबवा, कारण मेमरीतला पुरावा गेला. नेटवर्कपासून तोडणं, मेमरीची प्रत, डिस्कची प्रत, हॅश (प्रत बदललेली नाही हे दाखवणारी आकडी खूण), कुणाकडून कुणाकडे गेलं याची नोंद, हा क्रम हातातून यायला हवा. बहुपर्यायी प्रश्नात तो ओळखता येतो, करता येतोच असं नाही.

कळफलक
तुम्ही दोघेही सरकारी नोकरच डोळ्यांपुढे ठेवून बोलताय. कंत्राटी माणसाला ९ महिने नाहीत, पायाभूत पात्रता कामाच्या पहिल्या दिवशी हवी. डीफार्सचं (संरक्षण खात्याचे खरेदी-नियम) कलम २५२.२३९-७००१ तर स्पष्टच सांगतं की योग्य सर्टिफिकेशन नसलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्याला माहिती-सुरक्षेच्या कामासाठी यंत्रणेत प्रवेश नाही. लष्करी शाळांचे लांबलचक कोर्स त्याला सहसा खुले नसतात. पदवी चालते, पण ती त्या भूमिकेच्या यादीत बसते का आणि संस्थेला लागणारी मान्यता आहे का, हे करार सुरू होण्याआधी कोण तपासत बसणार? कंपनी सरळ सांगते: सर्टिफिकेट घेऊन या.

खर्चाचंही तेच. मुलकी नोकराच्या परीक्षेचे पैसे कार्यालय देऊ शकतं, तशी तरतूद अमेरिकी कायदेसंहितेच्या ५ व्या टायटलमध्ये (भागात) ५७५७ कलमात आहे. सैनिकांसाठी १० व्या टायटलचं २०१५ कलम आहे. कंत्राटी माणूस कंपनीच्या मर्जीवर. तेव्हा 'सक्ती काढली' हे त्याच्या बाबतीत खरं नाही.

दीपस्तंभ
परीक्षा की प्रात्यक्षिक, हा वाद दुसऱ्या पायरीचा. पहिली पायरी पदाला क्रमांक देण्याची, आणि गोंधळ तिथेच होतो. एका पदाला एक मुख्य भूमिका आणि जास्तीत जास्त दोन अतिरिक्त भूमिका देता येतात. छोट्या कार्यालयात एकच माणूस वापरकर्त्यांच्या तक्रारी सोडवतो, स्विच सांभाळतो आणि फायरवॉलचे नियमही बदलतो. पदाचं वर्णन मात्र कित्येक वर्षांपूर्वीचं, म्हणून क्रमांक पडतो ४११, टेक्निकल सपोर्ट, बेसिक. प्रत्यक्षात तो ४४१, नेटवर्क ऑपरेशन्सचं काम करतोय. नोंदीत तो पूर्ण पात्र दिसतो आणि फायरवॉलसाठी त्याची कसोटी कुणीच घेतलेली नसते.

उलटही होतं. भीतीपोटी सगळ्या पदांना ॲडव्हान्स्ड लावतात, मग निम्मे लोक मुदतीत अपात्र ठरतात आणि पुन्हा पातळ्या खाली आणायची धावपळ होते. उपाय कंटाळवाणा आहे: त्या माणसाच्या खात्याला कोणत्या यंत्रणांवर कोणते अधिकार आहेत त्याची यादी काढायची आणि क्रमांकाशी ताडून बघायची. मनुष्यबळ विभागाकडे ही यादी नसते, ती तांत्रिक विभागाकडे असते. दोघांना एका टेबलावर बसवल्याशिवाय क्रमांक बरोबर येत नाही.

रोखठोक
दीपस्तंभ यांचा मुद्दा बिनतोड आहे.

पण तटबंदी, बदल्यांचं काय? पायाभूत पात्रता माणसाबरोबर जाते, कामावरची जात नाही, कारण ती त्या जागेच्या यंत्रणेशी बांधलेली. सैनिकाची नेमणूक साधारण तीन वर्षांची धरली तर पहिलं वर्ष पात्र होण्यात जाऊ शकतं. तोवर त्याने पात्र माणसाच्या देखरेखीखाली काम करायचं. दोघांच्या तुकडीत दोघेही नवे असतील तर देखरेख कोण करणार? अशा वेळी बाहेरून आलेलं सर्टिफिकेट हाच एक आधार उरतो. निदान ॲडव्हान्स्ड पातळीला तरी ते सक्तीचं ठेवा. सीआयएसएसपीला आठपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय तीन वर्षांत १२० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ८१४० चं स्वतःचं किमान आहे वर्षाला २० तास, म्हणजे तीन वर्षांत ६०.

तटबंदी
ॲडव्हान्स्डसाठी सक्ती मला पटत नाही. सीआयएसएसपी रुंद आहे, खोल नाही. ७२२ ला ती शोभते, ५३१ ला नाही. २० तास कमी आहेत हे मात्र खरं, त्यातही ते तास भूमिकेशी निगडित आहेत का हे फार कमी ठिकाणी बघतात.

सहीच्या प्रश्नावर माझा तोडगा असा. मूल्यमापन करणारा दुसऱ्या तुकडीतला असावा, त्याच भूमिकेचा आणि निदान एक पातळी वरचा. त्याला यंत्रणेचे अधिकार द्यायची गरज नाही, तो मागे बसून बघेल. स्कॅनचा अहवाल आणि बॅकअप उभा करण्याची वेळ नोंदीला जोडायची, नुसती सही चालणार नाही. आणि मूळ यंत्रणा बदलली की, समजा सर्व्हर क्लाउडवर गेले, तर ती पात्रता आपोआप संपून नव्याने घ्यावी लागेल.

रोखठोक
दुसऱ्या तुकडीतला माणूस चालेल, पण त्याचा दिवस कुणाच्या खात्यावर टाकायचा ते आधी ठरवा. त्याचा वरिष्ठ त्याला फुकट पाठवणार नाही, आणि पहिल्याच तिमाहीत 'परस्पर मूल्यमापन' सुरू होईल: तुम्ही आमच्यावर सही करा, आम्ही तुमच्यावर. जोड्या वरच्या कार्यालयाने ठरवून दर वेळी बदलल्या, तरच मी परीक्षेचा आग्रह सोडेन.