'एकही अक्षर बदललेले नाही' म्हणजे नेमके काय?

मुद्रितशोधक:
'नव्या करारातील एकही अक्षर बदललेले नाही' हे बायबलविषयीचे विधान काल येथे वाचले आणि उभा जन्म मुद्रिते तपासण्यात गेलेल्या मला ते पचले नाही. चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबते; पुढची बारा वचने तेथे नाहीतच. योहानाच्या शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीचा प्रसंगही ('ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा' तो) दोन्हींत नाही.

वसईकर:
विधान माझेच, आणि शब्द सैल पडला हे मान्य. पण सुमारे ५,८०० ग्रीक हस्तलिखिते नोंदलेली आहेत म्हणूनच ही भर ओळखता आली, आणि बहुतेक पाठभेद वर्णलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, म्हणून तिला कोणी खोटी ठरवत नाही. राहिला तो प्रसंग: आमच्या आळीत एका परित्यक्तेला वाळीत टाकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा माझ्या आईने तोच वाचून सर्वांची तोंडे बंद केली होती. त्याला प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेला, म्हणायला माझी जीभ धजत नाही.

पोथीवेडा:
आईंविषयी आदर आहे. पण त्यांच्या धैर्याने पाठ सिद्ध होत नाही. ती ५,८०० ही संख्याही फसवी आहे, कारण बहुतेक प्रती नवव्या शतकानंतरच्या आहेत आणि एका चुकीच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. नव्या कराराची ग्रीक आवृत्ती छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाने योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचे (पिता, पुत्र व आत्मा एक असल्याचे) वाक्य १५१६ आणि १५१९ मध्ये ग्रीक आधाराअभावी गाळले. ओरड झाली, त्याच सुमारास लिहिलेली एक प्रत पुढे आली आणि १५२२ च्या आवृत्तीत ते वाक्य अवतरले. जतन ते हेच काय?

वसईकर:
इरॅस्मस निघणार हे ठाऊकच होते! आधुनिक आवृत्त्यांनी ते वाक्य उघडपणे काढले आहे, लपवले कोणी? आणि तो व्यभिचारी स्त्रीचा प्रसंग 'बेझाचे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन हस्तलिखितात आहे. अनेक ग्रीक आणि लॅटिन प्रतींत तो असल्याचे बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमनेही लिहून ठेवले आहे. जेरोम तरी आपल्याला चालतो ना?

मुद्रितशोधक:
चालतो, पण 'अनेक' म्हणजे 'सर्व' नव्हे. तरीही आपल्या बाजूचे एक सांगतो. व्हॅटिकन प्रतीत, इब्री लोकांस पत्राच्या आरंभी, कोणीतरी सुधारलेला शब्द नंतरच्या लेखनिकाने पूर्ववत केला आणि समासात 'मूर्खा, लबाडा, जुना पाठ राहू दे' अशी शिवी हासडली. गंमत अशी की त्याने जपलेला शब्द इतर प्रतींत जवळपास कोठेच नाही. चूकसुद्धा इतक्या निष्ठेने जपणाऱ्यांवर मी बनवाबनवीचा आळ घेत नाही. 'एकही अक्षर' तेवढे मागे घ्या.

वसईकर:
घेतले. आवृत्त्या त्याला कंसात टाकोत, आईचा प्रसंग मात्र मी कंसाबाहेरच वाचणार.