घराण्यात मधुमेह आहे, म्हणजे वारशाने नेमके काय येते?

मालवकन्या, इंदूर

सर्वांना नमस्कार. आमचे कुटुंब चार पिढ्यांपासून इंदुरात, रामबागेत राहते. आजोबांना मधुमेह होता, आत्याला आहे आणि माझ्या वडिलांना त्रेचाळिसाव्या वर्षी निघाला. घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकत आले आहे की, 'आपल्या घराण्यातच साखर आहे.'

मी नऊ वर्षांची असताना आजोबा एका संध्याकाळी राजवाड्यापर्यंत पायी जाऊन परत आले. आजीने त्यांचा मोजा काढला, तेव्हा तळव्याशी रुपयाएवढा ओला, काळपट डाग होता. बुटाचा खिळा आतून वर आला होता आणि जाता-येता पूर्ण वाटभर तो त्यांच्या पायात रुतत होता, पण त्यांना काहीच जाणवले नव्हते. ती जखम भरली नाही आणि पुढे पायाचा अंगठा काढावा लागला. तो डाग आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मी आता एकतीस वर्षांची आहे आणि मला तिसरा महिना चालू आहे, म्हणून हा प्रश्न एकट्या माझ्यापुरता राहिलेला नाही. माझे धाकटे काका देवासजवळ शेती करतात. त्यांना मधुमेह निघाला तो थेट अडुसष्टाव्या वर्षी. वडिलांनी मात्र उभा जन्म बँकेच्या खुर्चीत काढला. सकाळी पोहे-जिलेबी, जेवणात सेव, आठवड्यातून दोनदा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत. आई-वडील तेच, रक्त तेच, मग पंचवीस वर्षांचा फरक परिस्थितीनेच पडला असे समजावे का? लाळेचा नमुना पाठवून जनुकांची तपासणी करून घ्यावी, असे माझा भाऊ म्हणतो. तिचा उपयोग होईल का? आणि माझ्या बाळाच्या वाट्याला यातले काय येईल?

निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र (इंदूर)

ताई, तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ.

काही आजार एका जनुकातल्या बिघाडाने होतात. आपल्याजवळच्या झाबुआ-अलीराजपूर पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा तसा आजार आहे. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे सुरू झाली. आई आणि वडील या दोघांकडूनही बदललेले जनुक आले तर आजार होतो, एकाकडूनच आले तर मूल केवळ वाहक राहते. असा स्वच्छ हिशेब तिथे मांडता येतो. तुमच्या वडिलांच्या वयात निघणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचा, म्हणजे टाइप २ चा, असा हिशेब मांडता येत नाही. त्यात शेकडो ठिकाणचे लहान लहान जनुकीय फरक गुंतलेले असतात आणि त्यांतला प्रत्येक फरक धोका किंचित वाढवतो किंवा कमी करतो. त्यांतला सर्वांत ठळक फरक टीसीएफ७एल२ या जनुकात आहे. तो २००६ मध्ये आइसलंडच्या संशोधकांनी दाखवला, पण तो असलेल्या पुष्कळ माणसांना मधुमेह कधीच होत नाही आणि नसलेल्या पुष्कळांना होतो.

आता काका आणि वडील यांच्याविषयी. 'रक्त तेच' हे तुमचे गृहीतक तपासून पाहायला हवे. सख्ख्या भावंडांमध्ये माणसामाणसांत बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मीच समान असतात, म्हणून दोन भावांतला फरक जनुकांमुळेही पडलेला असू शकतो. शिवाय गावाकडे साखर तपासण्याचे प्रसंग कमी येतात. काकांना अडुसष्टाव्या वर्षी मधुमेह झाला, की त्या वर्षी तो प्रथम कळला, हे सांगता येणार नाही. तुमचा तर्क चुकला आहे असे मी म्हणत नाही, परंतु एका जोडीवरून एवढा मोठा निष्कर्ष काढता येत नाही.

ज्यावरून काढता येतो असे एक उदाहरण देतो. पिमा नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचे काही लोक अमेरिकेतील ॲरिझोनात आणि काही मेक्सिकोच्या डोंगराळ भागात राहतात. त्यांची वंशपरंपरा जवळची आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ॲरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के आढळले, तर शेतात राबणाऱ्या आणि साधे अन्न खाणाऱ्या मेक्सिकोतल्या पिमांमध्ये ते ६.९ टक्के होते. म्हणजे जनुके साधारण तीच असताना, राहणीमुळे पाचपटीहून अधिक फरक पडला.

'आनुवंशिकता अमुक टक्के' हे आकडे वाचतानाही जपावे लागते. जुळ्यांच्या अभ्यासांतून उंचीची आनुवंशिकता सुमारे ८० टक्के निघते. याचा अर्थ तुमच्या उंचीतले ८० टक्के सेंटिमीटर जनुकांनी दिले आणि उरलेले वरण-भाताने, असा मुळीच नाही. त्या काळी, त्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की सगळा समाजच सरकू शकतो. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, आणि शंभर वर्षांत एखाद्या देशाची जनुके काही बदलत नाहीत. वर्गात चाळीस वर्षे हेच शिकवताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली की, 'आनुवंशिक' हा शब्द ऐकताच मुले त्याचा अर्थ 'न टळणारे' असा घेतात, आणि त्यांचे पालकही तसाच घेतात. फेनिलकीटोन्युरिया हा आजार पूर्णपणे आनुवंशिक आहे. नॉर्वेच्या फोलिंग या डॉक्टरांनी तो १९३४ मध्ये ओळखला. तरीही जन्मतःच निदान करून आहारातले फेनिलॲलनिन (प्रथिनांतला एक घटक) काटेकोरपणे मर्यादित ठेवले, तर मुलाचा मेंदू वाचतो. जनुक आहे तेच राहते, पण ताटातले अन्न बदलल्यामुळे परिणाम बदलतो.

बडोद्याचा फिजिशियन

सरांनी पाया घातलाच आहे, मी दवाखान्याच्या बाजूने सांगतो.

आपल्या लोकांचा मधुमेह समजून घ्यायचा तर पोटापासूनच नव्हे, गर्भापासून सुरुवात करावी लागते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, परंतु त्वचेखालची चरबी त्यांनी तुलनेने राखलेली होती. हातापायांनी बारीक, पण चरबीने भरलेली अशी ही ठेवण आपल्याकडे जन्मापासूनच दिसते. याज्ञिकांनी २००४ मध्ये आपला आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा एक फोटोच प्रसिद्ध केला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा अंक, २२.३, आणि शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की आम्ही सावध होतो, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असला तर वजन ठीक असूनही तपासणी सांगतो.

पोटात असताना आईला काय मिळाले, याची खूण किती दूरवर राहते हे हॉलंडमध्ये दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली. त्या काळात आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आली, तेव्हा त्यांच्यात साखर पचवण्याची शक्ती इतरांपेक्षा कमी आढळली. तेव्हा घराण्यात आजार 'उतरतो' तो जनुकांतून आणि स्वयंपाकघरातून तर उतरतोच, शिवाय गर्भाशयातूनही उतरतो.

आता तुमच्यासाठी. आई-वडिलांपैकी एकाला टाइप २ असेल तर मुलाला पुढे आयुष्यात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के मानतात. हा आकडा मोठा आहे, पण सरासरीचा आहे. अमेरिकेतल्या, २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सुमारे सात टक्के वजन उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालायचे असे ठरवून दिले, तेव्हा नवे मधुमेही ५८ टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत ज्यांच्याकडे टीसीएफ७एल२ चा धोक्याचा प्रकार दोन्ही बाजूंनी आला होता, त्यांच्यातही राहणी बदललेल्या गटात तो जादा धोका जवळजवळ दिसेनासा झाला. भारतातल्या चाचणीचा निकाल २००६ मध्ये आला. तिथे सल्ला न मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्क्यांना. फायदा अमेरिकेपेक्षा कमी, पण नक्की. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'चाललो की काहीच होणार नाही' असे आश्वासन कोणत्याही डॉक्टरला देता येत नाही.

लाळेच्या तपासणीतून तुम्हाला एक धोक्याचा अंक मिळेल, पण जो सल्ला तुमच्या वडिलांचे वय आणि तुमची कंबर पाहून मी आजच देऊ शकतो, त्यात त्या अंकाने काही बदल होणार नाही. तुम्ही आत्ता करायची गोष्ट वेगळी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी रक्तातली साखर पाहायची, ती १४० किंवा अधिक आली तर गरोदरपणातला मधुमेह समजून उपचार सुरू होतात. ही तपासणी पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात, म्हणजे तुमची पहिली वेळ आलेलीच आहे. शाकाहारी असाल तर बी-१२ ही तपासून घ्या. त्याच पुणे अभ्यासात ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड ज्याचे रूप आहे ते जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे इन्सुलिनला शरीराने कमी दाद देणे, अधिक दिसला. मात्र यावरून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, त्या बाळाच्या मेरुरज्जूसाठी आवश्यक आहेत.

ग्वाल्हेरची आई

वरचे सगळे पटले, तरी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. माझ्या मुलाला सातव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्याचा गोड खाण्याशी संबंध नसतो आणि अशा बहुतेक मुलांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. तरीही नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी भर पंगतीत मला विचारले, 'लहानपणी फार लाडू भरवलेस ना?' त्या रात्री मी डब्यातले सगळे लाडू बाहेर टाकले. पुढे वर्षभर मुलाच्या बोटाला सुई टोचताना माझ्या मनात तेच वाक्य असे.

परिस्थितीचा वाटा मोठा आहे, हे खरे आहे. पण 'परिस्थिती' म्हणजे 'तुमची चूक' असा अर्थ घरोघरी लावला जातो. तुमच्या वडिलांनी सराफ्यात खाल्ले म्हणून त्यांनी आजार ओढवून घेतला, असे कृपया त्यांच्या समोर म्हणू नका. त्यांच्या आईला गरोदरपणी पोटभर मिळाले की नाही, बँकेतल्या नोकरीत चालायला वेळ किती उरला, यातले काय त्यांच्या हातात होते?

मालवकन्या, इंदूर

सर, डॉक्टर आणि ताई, आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. ताई, तुमचे वाचून मी आज बाबांशी पहिल्यांदाच या विषयावर नीट बोलले आणि त्यांची माफीही मागितली.

ग्लुकोजची तपासणी काल झाली, साखर ११८ आली. मात्र घरात चौकशी करताना एक नवीच गोष्ट कळली. आजीने आजोबांच्या औषधांची वही जपून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर आजोबांना साखर निघाल्याचे वर्ष लिहिले आहे, त्या वेळी ते तेवीस वर्षांचे आणि अगदी सडपातळ होते. त्यांनी अखेरपर्यंत गोळ्यांवरच काढले, इन्सुलिन कधी घेतले नाही. आत्याला चोविसाव्या वर्षी निघाली. आणि आतेभावाला गेल्या वर्षी, बाविसाव्या वर्षी. तोही काटकुळा आहे. त्याला टाइप १ सांगून इन्सुलिन सुरू केले आहे. डॉक्टर, यात काही अर्थ आहे का?

बडोद्याचा फिजिशियन

आहे, आणि यामुळे जनुकीय तपासणीबद्दलचे माझे वरचे मत एका माणसापुरते बदलते. तीन पिढ्या ओळीने, पंचविशीच्या आत, सडपातळ बांधा आणि वर्षानुवर्षे गोळ्यांवर निभावलेले, हे वर्णन मोडी नावाच्या एकजनुकी मधुमेहाशी जुळते. त्यात बाधित पालकाकडून प्रत्येक मुलाला बदललेले जनुक मिळण्याची शक्यता निम्मी असते. एचएनएफ१ए या जनुकातला बदल असेल तर सल्फोनिलयुरिया गटातल्या जुन्या, स्वस्त गोळ्याही उत्तम काम करतात आणि काहींचे इन्सुलिन डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवता येते.

तपासणीची सुरुवात तुमच्यापासून करायची नाही, आतेभावापासून करायची. त्याच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टला (संप्रेरकतज्ज्ञाला) आधी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते यावरून कळते) आणि स्वादुपिंडातल्या पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करायला सांगा. प्रतिपिंडे नसली आणि सी-पेप्टाइड टिकून असले, तर त्याची मोडीसाठी जनुकतपासणी करणे योग्य ठरेल. त्यात बदल सापडला तर तुमच्या वडिलांचा तेवढा एकच बदल तपासायचा. त्यांच्यात नसेल तर त्यांचा मधुमेह नेहमीचा टाइप २ धरायचा आणि मोडीचा प्रश्न तुमच्यापुरता मिटतो. असेल तर मग तुमची पाळी. निकाल येईपर्यंत त्याने इन्सुलिनचा एकही डोस स्वतःहून चुकवू नये, हे त्याला बजावून सांगा.

तुमची ११८ ही साखर चांगली आहे. २४ आठवड्यांची तपासणी मात्र चुकवू नका, आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हा इतिहास आजच सांगा. आजीच्या वहीतल्या पहिल्या पानाचा फोटो काढून आतेभावाला पाठवा. त्याच्या डॉक्टरांना तीच नोंद आधी पाहावी लागेल.