आइस हॉकीवाल्या झेन पारेखला परत सॅगिनॉच्या ज्युनियर टीमला पाठवा म्हणणाऱ्यांनो, तिथे तो आता शिकणार काय?

निळीरेघ:
परवा कॅलगरी फ्लेम्सच्या २०२५-२६ प्रीसीझनच्या धाग्यात 'मागचा_डी' यांनी लिहिलं, "झेन पारेखला अजून एक वर्ष ज्युनियरला परत पाठवा, तिकडचे पॉइंट म्हणजे चिंचोके, स्वतःच्या झोनमध्ये पोरगा हरवतो." तिथेच उत्तर देणार होतो पण लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

चिंचोके तर चिंचोके, पण ६१ मॅचमध्ये १०७ पॉइंट आहेत हो (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), आणि ते डिफेन्समनचे. आदल्या वर्षी ९६, त्यात ३३ गोल, आणि त्याच वर्षी सॅगिनॉने मेमोरियल कप (ज्युनियर हॉकीचा सगळ्यात मोठा कप) घेतला. आता १९ वर्षांचा झालाय, त्याला त्याच लीगमध्ये चौथं वर्ष काढायला लावून काय मिळणार? तिथे समोर १६-१७ ची पोरंही असतात. ब्लू लाइनवर (समोरच्यांच्या झोनच्या सीमेवर) पक घालवला तरी हा मागे वळून दोन ढांगांत गाठतो आणि काढून घेतो, म्हणजे चूक झाली हेच त्याला कळत नाही. एनएचएलमध्ये, कॅलगरीत, तोच पक घालवला की गोली वुल्फ एकटा आणि समोरून दोघं. जिथे फटका बसतो तिथेच माणूस शिकतो.

मी मॅचला २२ मिनिटं द्या म्हणत नाहीये. तिसरी जोडी, १४-१५ मिनिटं, पॉवर प्लेचं (समोरचा गडी शिक्षेवर बाहेर असतानाचं) दुसरं युनिट, शेजारी एखादा थंड डोक्याचा गडी. बास.

मागचा_डी:
झोंबलं वाटतं. मी बारा वर्षं रात्री अकराच्या हौशी बीअर लीगमध्ये डावा डी (डिफेन्समन) खेळतोय (हसा), पण मागे उभं राहून एक गोष्ट कळते. डिफेन्समन तयार आहे का हे पॉइंटवरून बघायचंच नाही. समोरच्यांनी पक कोपऱ्यात टाकला की हा मागे जाताना खांद्यावरून किती वेळा बघतो ते बघा. एकदा बघणारा ज्युनियरचा, दोनदा बघणारा एनएचएलचा. पाठ मैदानाकडे, अंगावर येणारा २२० पौंडांचा बाप्या, आणि दीड सेकंदात ठरवायचं की पक बोर्डवरून फिरवू, पार्टनरला देऊ का सरळ काचेवर मारू. पारेख चौथाच पर्याय शोधतो, मधून पास. दहातले सात लागतात, लोक टाळ्या वाजवतात. उरलेले तीन मी मोजतो, आणि कोच हस्का पण मोजणार, तो स्वतः डिफेन्समन होता.

आणि डिसेंबर २०२४ ला कॅनडाने वर्ल्ड ज्युनियरच्या (वीस वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या) कॅम्पमधून त्याला घरी पाठवलं, ते काय आंधळे होते?

निळीरेघ:
हो, आणि मग ती शहाण्यांची टीम लाटव्हियाकडून हरली, क्वार्टर फायनलला चेकियाकडून हरली, तेही ओटावात, घरच्या बर्फावर. उदाहरण जपून द्या.

लीफ्सपीडित:
मला फक्त दोन शब्द बोलायचेत. ल्यूक शेन.

२००८ च्या ड्राफ्टला (नव्या खेळाडूंच्या निवडीला) पाचवा पिक, त्याच हिवाळ्यात १८ व्या वर्षी थेट टोरोंटो लीफ्सच्या डिफेन्समध्ये. ७० मॅच खेळवल्या. आम्ही सगळे वेडे झालो होतो, मी स्वतः जर्सी घेतलेली, तेव्हा नवीन नवीन पीआर (कायम रहिवासी) झालेलो, खिशात पैसे नाहीत तरी घेतली. चार वर्षांत पोराचा आत्मविश्वास पार धुतला आणि २०१२ ला फिलाडेल्फियाला देऊन टाकला. पुढे टँपात जाऊन दोन स्टॅनले कप जिंकला. म्हणजे गडी वाईट नव्हता, घाई वाईट होती. जर्सी अजून कपाटात आहे, बायको पोछा करू का विचारते.

निळीरेघ:
शेनच्या बदल्यात व्हॅन रीम्सडाइक मिळाला होता, तेवढं पण सांगा की. आणि एकब्लाड? तोही १८ व्या वर्षी थेट आला, काल्डर (सर्वोत्तम नवख्याचा पुरस्कार) घेऊन गेला.

लीफ्सपीडित:
एकब्लाड १८ व्या वर्षीच तिशीतला दिसायचा, तो हिशोबात धरू नका.

नियमवाला:
दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीस्कर विसरतायत. खरं उत्तर एएचएल (एनएचएलच्या खालची प्रोफेशनल लीग) आहे. कॅलगरीची तिथली टीम रँग्लर्स त्याच सॅडलडोम रिंकमध्ये खेळते, जिना उतरायचा फक्त. पण सीएचएलबरोबरच्या (कॅनडाच्या ज्युनियर लीगबरोबरच्या) करारामुळे १९ वर्षांच्या पोराला तिथे ठेवताच येत नाही, एक तर वर एनएचएल नाही तर खाली मिशिगन, म्हणजे सॅगिनॉ. नवीन करारात २०२६-२७ पासून प्रत्येक टीमला असा एक पोरगा एएचएलला पाठवता येईल असं ठरलंय, पारेखचं नशीब एक वर्षाने हुकलं. मोरिट्झ साइडर जर्मनीहून आला म्हणून त्याला हा नियम लागला नाही, एक वर्ष एएचएल, एक वर्ष स्वीडन, मग येऊन थेट काल्डर.

आणि यातून काय होतं ते डॉबसनला विचारा. २०१९-२० मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सनी याच कारणाने १९ व्या वर्षी वर ठेवला, ३४ मॅच खेळला, बाकी वेळ सूट घालून वर बसून बघत होता.

निळीरेघ:
आणि २०२३-२४ ला त्याच डॉबसनचे ७० पॉइंट. वर बसून बघणं पण शिक्षणच की.

मागचा_डी:
मधल्या चार वर्षांचं श्रेय पण त्या सुटालाच का?

शिवाजीपार्क_ते_सॅडलडोम:
सचिन १६ व्या वर्षी कराचीत उतरला होता, त्याला कोणी रणजी अजून एक वर्ष खेळ म्हणालं नाही.

लीफ्सपीडित:
आणि पृथ्वी शॉने १८ व्या वर्षी राजकोटला पहिल्याच टेस्टमध्ये शतक मारलं. पुढचं तुम्हीच सांगा. क्रिकेट इथे नको, प्लीज.

झांबोनीची_आई:
वाचत होते, बोलणार नव्हते, पण "जिथे फटका बसतो तिथेच माणूस शिकतो" हे वाक्य वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा डी खेळायचा. स्केटिंग चांगलं म्हणून कोचने त्याला एक वयोगट वर टाकला, बॉडी चेकिंगवाल्या गटात. आम्हीही फुगलो, खोटं कशाला बोलू, भारतात फोन करून सांगितलं. तिसऱ्या मॅचला पक आणायला कोपऱ्यात गेला आणि मागून एवढा मोठा मुलगा आला. कन्कशन, मेंदूला मार. सहा आठवडे शाळा अर्धा दिवस, खोलीत अंधार. त्यानंतर खेळला दोन वर्षं, पण पक कोपऱ्यात गेला की हा अर्धा सेकंद थांबायचा, समोरच्याला आधी जाऊ द्यायचा. घरी येताना गाडीत एक शब्द बोलायचा नाही. शेवटी सोडलंच. शिकला ना फटक्यातून, थांबायला शिकला.

निळीरेघ:
ताई, वाईट वाटलं वाचून, मनापासून. पण पारेख १९ चा प्रोफेशनल आहे, १३ चा मुलगा नाही. तुमच्या मुलावरून त्याचा अंदाज कसा बांधणार?

झांबोनीची_आई:
तुम्ही शिवाजी पार्कवाल्यांना विचारलं नाहीत सचिनवरून अंदाज कसा बांधला ते. मलाच बरं विचारलंत.

पहाटे_साडेपाच:
ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि मुळात हा खेळ आपल्यासारख्यांचा राहिलाय कुठे? एक स्टिक ३०० डॉलर, ती नोव्हेंबरात मोडते. स्केट्स दर वर्षी लहान. रेप टीमची (निवडक पोरांच्या टीमची) फी वेगळी, टूर्नामेंटची हॉटेलं वेगळी, आणि पहाटे साडेपाचला उणे २५ मध्ये गाडी गरम करत बसलेला बाप फुकट. एवढ्यात पोरगा एमबीबीएस झाला असता.

मागचा_डी:
एमबीबीएस कुठून आलं इथे 😂

पहाटे_साडेपाच:
आमच्या घरात सगळीकडून येतं.

लीफ्सपीडित:
वापरलेलं सामान घ्या ना साहेब, सगळं नवंकोरं कोण घेतं. निम्मे पालक शेजाऱ्याला दाखवायला खर्च करतात आणि मग हॉकी महाग म्हणून रडतात.

पहाटे_साडेपाच:
रडतात? ३०० डॉलरची जर्सी कपाटात ठेवून मला काटकसर शिकवू नका.

लीफ्सपीडित:
१८० ची होती. आणि ती भावना आहे.

निळीरेघ:
मंडळी, धागा पारेखचा आहे. हेल्मेटांचा बाजार दुसरीकडे भरवा.

झांबोनीची_आई:
तुमच्यासाठी वेगळं असेल हो. त्या बापाने पहाटे गाडी गरम केली नसती तर तुमचे १०७ पॉइंट आले असते का? पारेख आडनाव ऐकून आपण सगळे इथे जमलो, कॅलगरीच्या तिसऱ्या जोडीवर एवढा जीव एरवी कोणाचा जातो? मला त्याने खेळायला हवंय, तुमच्यापेक्षा जास्त. म्हणूनच भीती वाटते.

निळीरेघ:
...हे मान्य. आडनावाचं तर फारच मान्य. पण एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला पहिल्याच मॅचमध्ये गोल मारला, तेव्हा तुम्हीपण ओरडला असणारच.

झांबोनीची_आई:
ओरडले. शेजारी उठले.

मागचा_डी:
तोवर कॅलगरी प्लेऑफच्या बाहेर होती, गुणतक्त्यात ९६ पॉइंट करून सेंट लुईसशी बरोबरी होऊनसुद्धा टायब्रेकरवर गेली. त्या मॅचमध्ये दाब काय होता? कोलोराडोचा डिफेन्समन मकार सोळा आणे वेगळा. तो दोन वर्षं मॅसॅच्युसेट्सला कॉलेज खेळून आला, आणि पहिला गोल प्लेऑफमध्ये मारला. कोणाविरुद्ध ते कॅलगरीकरांना माहितीय, मी जखमेवर मीठ चोळत नाही.

निळीरेघ:
चोळलंत की. बरं, मधला मार्ग सांगा, का फक्त मोजतच बसणार?

मागचा_डी:
नऊ मॅच. दहावी खेळली की कराराचं एक वर्ष जळतं, म्हणून क्लबलाही तिथे थांबून विचार करावाच लागतो. त्या नऊमध्ये घरच्या मॅचना खेळवा, कारण खेळाडू बदलायची शेवटची संधी घरच्या टीमची असते, समोरची पहिली लाइन बर्फावर आली की याला उचलता येतं. मी प्रत्येक मॅचला त्याचं खांद्यावरून बघणं मोजणार आहे. दोनदा बघायला लागला तर धाग्यावर येऊन लिहीन की 'चिंचोके' मागे घेतले. पण फक्त तो शब्द, बाकी मत नाही.

निळीरेघ:
उपकार झाले. वहीत लिहून ठेवतो. नऊ मॅच मला मान्य, घरच्याच का ते नाही, पण तेवढं चालवून घेतो.

नियमवाला:
घरच्या नऊ मॅच होईपर्यंत टीमच्या मिळून वीसेक होतील. तोवर उरलेल्या रात्री तो सूट घालून वर बसणार. म्हणजे पुन्हा डॉबसनच.

मागचा_डी:
अरे देवा.

पहाटे_साडेपाच:
लीफ्सपीडित, वापरलेलं सामान म्हणालात ते कुठे मिळतं? शिन पॅड हवेत, बारा इंची. भांडण चालू आहे, पण पोराची प्रॅक्टिस शनिवारी आहे.

लीफ्सपीडित:
माझ्या गॅरेजमध्ये आहेत, थोरल्याचे. व्यनि (खाजगी निरोप) करा. पैसे नकोत, जर्सीबद्दलचं वाक्य मागे घ्या.