साडेनऊ महिन्यांची मुलगी हाकेला बघत नाही, घरचे म्हणतात थांब

रेवाची आई, इचलकरंजी
रेवा ३३व्या आठवड्यात झाली. दम लागत होता, कावीळही वाढली, म्हणून १८ दिवस काचेच्या पेटीत होती. आता साडेनऊ महिन्यांची आहे. पालथी पडते, सरपटते, पण बसवून हात काढला की कलंडते. शेजारचं तिच्याच वयाचं बाळ मस्त बसतं. पण मला खरं खातंय ते वेगळंच. मी मागून "रेवाऽ" म्हटलं तर तिला पत्ताच नसतो. समोर गेले की खुदकन हसते, बुवाकुक खेळताना माझी ओढणी ओढून मला शोधते. सासूबाईंनी पाठीमागे ताट वाजवलं तेव्हा वळली. पेटीतून घरी आणताना कानाची ओएई नावाची तपासणी झाली होती, ती पास आहे. सगळे म्हणतात, तिचे बाबाही उशिराच बोलले. थांबू का?

जुळ्यांची मम्मी
बसण्याचं टेन्शन आत्ता घेऊ नका. ७ आठवडे आधी झाली ना, मग ते वजा करा. म्हणजे रेवा अजून ८ महिन्यांचीसुद्धा नाही. २ वर्षांची होईपर्यंत असंच मोजायचं, शेजारच्या बाळाशी तुलना नको. माझी दोघंही अशीच मागे होती, नंतर बसली.

ओंकारची आई
बसण्याचं ठीक आहे, पण हाकेसाठी एक दिवसही थांबू नकोस गं. आमच्याकडेही ताट वाजवलं होतं. ओंकार वळायचा, आम्ही निर्धास्त. खूप नंतर माझ्या लक्षात आलं की तो आवाजाला वळतच नव्हता, माझा हात हललेला त्याला कडेनं दिसायचा. दार आपटलं की दचकायचा, कारण फरशीला हादरा बसायचा. मिक्सर शेजारी सुरू केला तर मात्र ढिम्म. चौथ्या महिन्यात तो छान हुंकार द्यायचा, आठव्यात हळूहळू गप्प झाला. मी ज्यांना दाखवलं ते म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात. निदान झालं तेव्हा तो २ वर्षं ४ महिन्यांचा होता. आज कानाला मशिन लावून बोलतो, शाळेत जातो, पण ती दोन वर्षं मला अजून झोपू देत नाहीत.

थेरपिस्ट ताई
मी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे बाळांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासतात तिथं, काम करते. आधी चांगलं सांगते. ओढणीमागचा चेहरा शोधणं ही मोठी गोष्ट आहे. नजरेआड झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे बाळाला साधारण आठव्या महिन्याच्या आसपास उमगतं, असं पियाजे या मानसशास्त्रज्ञानं मांडलं होतं. रेवा तिथं पोचली आहे.

आता कानाचं. ओएईमध्ये फक्त आतल्या कानाची तपासणी होते. तिथून पुढे नसेतून मेंदूकडे आवाज जातो का, हे त्यात कळत नाही. कमी दिवसांची, पेटीत राहिलेली, कावीळ वाढलेली बाळं ओएई पास होऊनही नीट ऐकू न येणारी निघू शकतात. म्हणून अशा बाळांची बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे जातो का हे बघणारी तपासणी, करावीच लागते. ताटावर विसंबू नका. तो आवाज इतका मोठा असतो की थोडं ऐकू येणारं बाळही वळतं, आणि बोलण्यातले स, श, फ मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

खरं तर पहिल्या महिन्यात कानाची चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. त्यामुळे या आठवड्यातच अशा केंद्रात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षांच्या मुलांची अशी तपासणी मोफत होते, आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा. बसण्याचंही तिथंच दाखवून घ्या. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, तिथं पोचल्यावर दूध पाजून झोपवा. त्या दिवशी डोक्याला, कपाळाला तेल नको, वायरी चिकटत नाहीत.

रेवाची आई, इचलकरंजी
शुक्रवारी सकाळी ११ची वेळ मिळाली. काल रेवा खाली बघून डबा चाटत होती तेव्हा हात न हलवता मागून हाक मारली, तीन वेळा. नाही वळली. सासूबाईंना म्हटलं, शुक्रवारी टाळू भरू नका. काही बोलल्या नाहीत, तेलाची वाटी वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाल्या, मीही येते.