विषय: हाना रस्ता – आईबाबांना घेऊन एका दिवसात झेपेल का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आईबाबांना घेऊन हवाईतल्या माउई बेटावर चाललोय. मुक्काम कीहेईला, एक दिवस हाना गावाच्या घाटरस्त्यासाठी राखलाय. ६२० वळणं आणि ५९ पूल ऐकून आईने आत्ताच आलेपाकाच्या वड्या करायला घेतल्यात. बाबांसाठी आंबेनळी घाटातसुद्धा दोनदा गाडी थांबवावी लागते. नेटवर पंचवीस-पंचवीस धबधब्यांच्या याद्या आहेत. कुठले बघू, कुठले सोडू? की सरळ हेलिकॉप्टर करून मोकळी होऊ?

— सनीवेलची धास्तावलेली लेक

---

उत्तर: हाना रस्ता

अगं, हेलिकॉप्टरचं नाव काढू नकोस. मी तीनदा गेलोय आणि पहिल्यांदा सपशेल फसलोय, म्हणून सांगतो.

त्या खेपेला पोहे-चहा आटोपून साडेनवाला निघालो. धबधबा दिसायचा, पण गाडी लावायला जागा नाही, आणि मागे रांग. अंतर काहुलुईपासून जेमतेम ५२ मैल, पण अडीच-तीन तास कुठेच गेले नाहीत. ४६ पूल एकेरी आहेत. समोरच्या पाच-सहा गाड्या जाऊ द्यायच्या, मग आपण. मागे स्थानिक माणसाची पिकअप आली की जागा बघून बाजूला व्हायचं. आपण सुट्टीवर असतो, तो कामावर निघालेला असतो. तू सहाच्या सुमारास पाइआ गाव सोड. टाकी तिथेच भर, नकाशा फोनवर उतरवून घे, कारण पुढे नेटवर्क जातं. बाबांना पुढच्या सीटवर बसव. आणि ३६० नंबरचा रस्ता लागला की मैलांचे आकडे पुन्हा शून्यापासून सुरू होतात. यात मी 'दोन मैलावरचा धबधबा' भलतीकडेच शोधत बसलो होतो.

आता धबधब्यांचं. १९ मैलांच्या पुढे वायकानीला तीन धारा शेजारी-शेजारी पडतात, फोटोत बघितल्या असशील. आम्ही गेलो तेव्हा नळ अर्धवट बंद केल्यासारख्या तीन करंगळ्या! मी पावसाला दोष दिला. पण तिथे पावसाची वानवा नाही. सह्याद्रीसारखंच गणित आहे, डोंगर वारा अडवतो. फक्त वारा ईशान्येचा आणि जवळजवळ बारमाही. पाणी जायचं कुठे, तर उसाला. १८७६ पासून मळेवाल्यांनी या डोंगरातून पाट आणि बोगदे काढून ओढ्यांचं पाणी बेटाच्या कोरड्या मधल्या भागात नेलं. साखर २०१६ साली बंद झाली, आणि २०१८ मध्ये राज्याच्या पाणी आयोगाने बऱ्याच ओढ्यांत पाणी परत सोडायचा निकाल दिला. त्यामागे शेतकऱ्यांचा वर्षानुवर्षांचा झगडा होता.

हे शेतकरी पिकवतात काय? अळू! वाटेत केआनाए गावाला रस्ता सोडून खाली समुद्राकडे उतर. काळ्या खडकावर लाटा फुटत असतात आणि आत भातखाचरासारख्या पाण्यात अळूच अळू. त्याला कालो म्हणतात. मुळाशी गार, वाहतं पाणी लागतं; साचून तापलं की कांदा सडतो. म्हणून वर पाट काढला की खाली ताटातलं जातं. मूळ हवाईकरांच्या जुन्या कथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ. केळ्याचा गरम ब्रेडही तिथेच घ्या.

हानाजवळच्या वायआनापानापा किनाऱ्याच्या काळ्या वाळूसाठी बाहेरच्यांना आधी आरक्षण लागतं, ३० दिवस आधी उघडतं. ते बघा आणि परत फिरा. डोहात उतरणार असाल तर अंगावर जखम नको, लेप्टोच्या पाट्या आहेत. आपल्याला काय ते वेगळं सांगायला नको.

— फ्रीमाँटचे काका

---

उत्तर: उत्तर: हाना रस्ता

काकांचं सगळं मान्य, 'परत फिरा' सोडून. हानाच्या पुढे वाइलुआ धबधबा आहे, ८० फूट, अगदी रस्त्याला लागून. बाबांनी गाडीतून पाय खाली टाकला नाही तरी दिसेल. त्याच्याही पुढे किपाहुलु, नॅशनल पार्क. गाडीचे ३० डॉलर, तीन दिवस चालतात आणि तेच तिकीट हालेआकाला ज्वालामुखीच्या शिखरावरही. बांबूच्या बनातून ४०० फुटी वायमोकू धबधब्यापर्यंत जाऊन-येऊन चार मैल चाल आहे, ती ज्येष्ठांना नको. आणि तिथून तसंच कौपोमार्गे बेटाला वळसा घालायचा मोह झाला तर आधी भाड्याच्या गाडीचा करार वाचा.

— प्लेझंटनची ताई

---

उत्तर: उत्तर: उत्तर: हाना रस्ता

ताई, वाइलुआ कबूल. पण त्या वळणांवर अंधारात गाडी तू चालवणार का?

— काका

---

उत्तर: हाना रस्ता (जाऊन आलो!)

काका, ताई, दोघांचेही आभार. सव्वासहाला पाइआ सोडलं. बाबा पुढे बसले आणि पूल मोजत राहिले, त्या नादात पोटाची आठवणच झाली नाही. वड्या शेवटी मीच संपवल्या.

रात्रभर पाऊस झाला होता. वायकानीला करंगळ्या कसल्या, तिन्ही धारा एक होऊन चहाच्या रंगाचं पाणी धो-धो पडत होतं. एक जोडपं पोहायचे कपडे घालून काठावर उभं होतं. बाबांनी मराठीतच ओरडून त्यांना मागे बोलावलं, "गढूळ आहे, वरून लोंढा येईल!" कळलं काय कोण जाणे, पण आले मागे.

आरक्षणाच्या वेळेचं गणित तेवढं चुकलं. मी दुपारचा स्लॉट घेतला होता, आणि केआनाएहून आई हलेना. बांधावर उभी राहून ती देठाचा रंग बघत होती, काळा की हिरवा. शेवटी ब्रेडच्या टपरीवरच्या बाईंना हाताने खाजवून दाखवत विचारलं, घशाला लागतं का? बाई खूप हसल्या. म्हणाल्या, नीट शिजवा, तास-दीड तास तरी. आईचं म्हणणं, चिंच घातली की अर्ध्या तासात होतं. हे भाषांतर करून सांगायला मी नकार दिला.

काळी वाळू पाहिली, तिथूनच फिरलो. वाइलुआ राहिला, ताई.

— सनीवेलची लेक