कराड मेकॅनिकल की पुण्याचं कॉम्प्युटर? फीचा हिशेब कसा मांडायचा?

कृष्णाकाठ
पुतण्याची सीईटी झाली, आता कॅपचा (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा) ऑप्शन फॉर्म भरायचा आहे. खुला प्रवर्ग, कुटुंबाचं उत्पन्न 5 लाख 80 हजार, घर मिरजेत. तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत: कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल, पुण्यात एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर (शिक्षण शुल्क 1,30,000, विकास शुल्क 13,000, होस्टेल-मेस 1,10,000), आणि घराजवळच्या खाजगी कॉलेजात ई अँड टीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन (शिक्षण शुल्क 95,000 + विकास शुल्क 9,500). ईबीसी मिळाली तर पुणे परवडेल का? आणि टीएफडब्ल्यूएस हे काय प्रकरण आहे?

हिशेबनीस
ईबीसी, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर मिळते. ‘निम्मी फी माफ’ असं सगळे म्हणतात, पण माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काच्या निम्म्याचीच असते. विकास शुल्क, होस्टेल, मेस यांना ती लागू नाही. पुण्याचं गणित असं: 65,000 + 13,000 + 1,10,000 = 1,88,000 वर्षाला, म्हणजे चार वर्षांचे साडेसात लाख. घराजवळ 47,500 + 9,500 = 57,000, शिवाय एसटीचा पास.

कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या आकड्यावर जाऊ नका. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मंजूर फी कॉलेजनिहाय असते, ती पाहा. संस्थात्मक कोट्यातून प्रवेश घेतला तर ईबीसी मिळत नाही. जागा कॅपमधूनच हवी.

अर्जतपासनीस
टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम. त्यात शिक्षण शुल्क चारही वर्षं पूर्ण माफ असतं. मंजूर जागांखेरीज त्यांच्या 5 टक्के जागा जादा असतात, म्हणजे 60 च्या तुकडीला फक्त 3. उत्पन्नाची अट तीच, 8 लाख. घराजवळच्या कॉलेजात ही जागा मिळाली तर त्याला मुख्यतः 9,500 विकास शुल्क आणि परीक्षा शुल्क भरावं लागेल.

इथे बरीच मुलं फसतात. नोंदणी करताना टीएफडब्ल्यूएसला ‘हो’ म्हटलं की काम झालं, असं त्यांना वाटतं. पण या जागांचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी अक्षर असलेला. तो फॉर्ममध्ये स्वतः टाकला नाही तर जागा मिळणारच नाही. तो त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर टाका. कटऑफ बहुधा चढा असतो. नाही लागला तर खालचा साधा कोड आहेच, नुकसान काहीच नाही. मात्र या जागेवर प्रवेश घेतल्यावर पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. मनात कॉम्प्युटर असेल आणि ‘दुसऱ्या वर्षी बदलू’ असा बेत असेल तर या वाटेला जाऊ नका.

क्रमाचंही बघा. 2025-26 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून ‘सहज टाकून पाहू’ असा पर्याय वर नको. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा भाग आधी वाचा.

वर्कशॉप
पैशांआधी शाखेचं बघा. एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन कॉलेजला नसतं, शाखेला असतं, आणि त्याला मुदत असते. कॉलेजच्या फाटकावर ‘एनबीए’ची पाटी असते आणि नेमक्या आपल्या शाखेचं मानांकन संपलेलं असतं. 2024-25 पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) जागांची कमाल मर्यादा काढल्यापासून काही खाजगी कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या आहेत. त्या शाखेत पूर्णवेळ शिक्षक किती, हे विचाराच.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज छापतात, त्यावरून काही कळत नाही. कॉलेजने एनआयआरएफला (संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीला) दिलेली माहिती त्यांच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असते. त्यात वेळेत पास झालेले किती, नोकरी लागलेले किती आणि मध्यक पगार किती, हे असतं. संस्थेच्या स्वतःच्या निधीतून पूर्ण फी परत मिळालेले विद्यार्थी किती, तेही त्याच कागदावर असतं. तिथे शून्य असेल तर ‘आमची स्कॉलरशिप आहे’ या बोलण्यावर विसंबू नका.

त्याला मेकॅनिकलची खरी आवड असेल तर मी कराड वर टाकेन. शासकीय फी आणि वसतिगृह, दोन्ही खिशाला झेपतात. आवड नसेल तर फक्त स्वस्त म्हणून चार वर्षं तिथे घालवायला लावू नका.

कृष्णाकाठ
खूप उपयोग झाला. ईबीसीचे पैसे अडकतात असं ऐकतो, ते का? आणि धाकटी पुतणी पुढच्या वर्षी सीईटी देणार आहे, तिलाही हेच नियम का?

हिशेबनीस
बहुतेक वेळा बँक खात्यामुळे. बँकेत आधार दिलं म्हणजे झालं असं नाही. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे एनपीसीआयमध्ये (बँकांच्या राष्ट्रीय पेमेंट यंत्रणेत) आधारशी ज्या खात्याचं मॅपिंग आहे, तिथेच जातात, आणि ते खातं कधी कधी शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं असतं. प्रवेशाआधी बँकेत जाऊन तपासा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावाच लागतो. तो राहिला तर त्या वर्षाची रक्कम गेली.

पुतणीसाठी: 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना 8 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्कात 50 ऐवजी 100 टक्के लाभ आहे. तुमचं कुटुंब ईडब्ल्यूएसच्या निकषात बसत असेल तर तो दाखला राज्याच्या नमुन्यात आत्तापासूनच काढायला घ्या. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात.